हळद पुसून बघा

युसूफभाई, डॉक्टर मंडळी, शाळेतल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि कडेवर लेकरं घेऊन आलेल्या बायांनो,

इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. खुर्च्या कधीच संपल्या. मागं कितीतरी जण भिंतीला टेकून उभे आहेत. शिरोळहून आलात, कागलच्या एमआयडीसीतून पाळी बदलून आलात, कुरुंदवाडची तर अख्खी गल्ली आलेली दिसते. बसा. खाली बसलात तरी चालेल. ही आमची शाळा आहे. या फरशीवर रझिया आणि मी पुष्कळ बसलोय.

याच हॉलमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांसमोर बोलले. शेवटच्या वर्षाचा निरोप समारंभ होता. माझे डोळे भरून आले होते. रझिया पहिल्या रांगेत बसून मला वेडावून दाखवत होती. त्यामुळं रडायच्या ऐवजी मला हसू फुटलं आणि भाषण पार पडलं. आज पहिल्या रांगेत ती नाही. तिचा फोटो माझ्या शेजारी टेबलावर आहे आणि त्याला हार आहे. तेव्हा मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मघाशी मी इथं यायला उठले, तर संयोजकांपैकी एक सद्गृहस्थ माझ्या कानाशी आले. म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटं बोला. छान छान आठवणी सांगा. आणि ते... बाळांच्या शीचं वगैरे शक्यतो नको. बाहेरची माणसं आलीयेत."

साहेब, मी त्याचबद्दल बोलणार आहे. डॉक्टर रझियाच्या शोकसभेत शीबद्दल बोलायचं नाही, तर मग कशाबद्दल बोलायचं? तिचा गळा गोड होता, तिला मोगरा आवडायचा, ती बिर्याणी चांगली करायची याबद्दल? बिर्याणी ती वाईट करायची. खाणारे इथं बसलेत.

आणि आज मला रडायलाही वेळ नाही. मला एक भांडण पुरं करायचंय. रझियानं ते सुरू केलं आणि मध्येच टाकून गेली.

शाळेच्या फाटकापाशी एक गाडी उभी आहे, ती येताना तुम्ही पाहिली असेल. ती गाडी पुण्याला निघालेली आहे. सकाळपासून निघालेली आहे आणि अजून फाटकातच आहे. गाडीत एक तरुण आई बसलीय आणि तिच्या मांडीवर तिचं बाळ आहे, अजून सव्वा महिन्याचंही नाही. बाळाला कावीळ आहे, आणि ती साधी कावीळ नाही. पुण्याला जायचं की नाही हे ज्यांच्या शब्दावर अडलंय, त्या बाळाच्या आजी इथं तिसऱ्या रांगेत बसल्यात. शिरोळच्या हौसाबाई.

घाबरू नका, मी त्यांना न विचारता बोलत नाहीये. काल त्यांना विचारलं, "हौसाबाई, तुमचं सभेत सांगू का?" म्हणाल्या, "सांगा की. मी काय चोरी केल्या व्हय? माझ्या नातवाचं मी बघतो. तुमी काय सांगायचं ते सांगा, मला पटलं तर पटलं, न्हाय तर न्हाय."

बरोबर आहे. तेव्हा हौसाबाई, आज मी या सगळ्यांशी बोलतेय, पण खरं म्हणजे तुमच्याशी बोलतेय.

रझिया आणि मी याच शाळेत एका बाकावर होतो. माझे वडील कारकून, तिचे वडील शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. आमच्या सिस्टर फार शिस्तीच्या. रोज सकाळी नखं तपासायच्या, रुमाल तपासायच्या. एकदा स्वच्छतेचा तास चालला होता. सिस्टर सांगत होत्या की मलमूत्र ही घाणेरडी गोष्ट आहे, तिचा उच्चारसुद्धा चांगल्या मुली करत नाहीत. रझिया उठून उभी राहिली. म्हणाली, "सिस्टर, पोटात असते तेव्हा ती घाणेरडी नसते का? मग आपण सगळ्याच घाणेरड्या बसलोय इथं."

सिस्टरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. मला हसू आवरेना, म्हणून मलाही काढलं. बाहेरच्या व्हरांड्यात मेरीमातेच्या पुतळ्याखाली आम्ही दोघी तासभर उभ्या होतो, आणि त्या तासात आमची मैत्री झाली. तो व्हरांडा अजून तसाच आहे. मघाशी येताना मी तिथं जरा थांबले. पुतळ्याला नवा निळा रंग दिलाय. मला जुना फिकट निळा जास्त आवडायचा.

पुढं ती डॉक्टर झाली, लहान मुलांची. मी मुलींना भूगोल शिकवला. तिची एक गोष्ट मात्र तशीच राहिली. ज्याचं नाव काढायला सगळे लाजतात, त्याचं नाव ती मोठ्यानं काढायची.

तिचा दवाखाना आठवतो ना? बाळाला डायपर घालून आणलं की ती आधी आईलाच झापायची. "प्लास्टिकमध्ये बांधून काय आणलंस? मला लंगोट दाखव. न धुतलेला." समोरच्या भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं रंगवलेला एक मोठा फळा होता. त्यावर शीचे रंग. मोहरीसारखी पिवळी, चालेल. पालकासारखी हिरवी, चालेल. आणि खाली लाल चौकटीत, शाडूसारखी, भिजवलेल्या पिठासारखी, चुन्यासारखी. त्यापुढं एकच शब्द लिहिला होता, "पळा". लोक तक्रार करायचे. एक आजोबा तर म्हणाले होते, "बाई, हितं बसून च्या बी घशाखाली उतरंना झालाय." ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही चहा पिऊ नका, पण घरी जाऊन नातीचा लंगोट बघा."

लोकांनी तिचं नाव ठेवलं लंगोटवाल्या बाई. डॉक्टरांच्या बैठकीतसुद्धा तिची चेष्टा व्हायची. कोण करायचं ते मी सांगत नाही, पण तुमच्यातले काही जण आत्ता खाली बघताहेत, ते मला इथून दिसतंय. तिला त्याचं काही नव्हतं. उलट दवाखान्याच्या दारावरच लिहून घेते म्हणायची.

हे वेड तिला कुठून लागलं, ते मला माहीत आहे. तिच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एक जोडपं चार महिन्यांचं बाळ घेऊन आलं. पोट ढोलासारखं फुगलेलं, त्यावर निळ्या शिरा, डोळे पिवळेधमक. लिव्हर पार गेलेलं होतं. आधी तीन डॉक्टरांना दाखवून झालं होतं आणि तिघांनी एकच सांगितलं होतं, कोवळ्या उन्हात धरा, जाईल. माळ घालून झाली होती, नाकात रस पिळून झाला होता. रझियानं आईला विचारलं, "शी कसली व्हायची?" आई म्हणाली, "अगदी पांढरी व्हायची. आम्ही म्हणायचो, दूध अंगी लागतंय लेकराच्या."

ते बाळ गेलं. त्या दिवशी रझिया माझ्या घरी आली. चहा ठेवला तो तसाच गार झाला. ती एवढंच म्हणाली, "अगं, ती पांढऱ्या शीचं कौतुक करत होती. आणि तिला कुणीच सांगितलं नाही."

त्यानंतर ती कधी गप्प बसली नाही.

हौसाबाई, आता मी तुम्हाला माझ्या सासरची गोष्ट सांगते. माझं सासर कुरुंदवाडचं. माझ्या नणंदेला आम्ही सगळे आक्का म्हणतो. त्या इथं बसल्यात, त्यांनाही विचारलंय. त्या म्हणाल्या, "सांग सगळं. फक्त माझा आवाज काढून दावू नगंस." तेवढं मला जमेल असं वाटत नाही, आक्का.

आक्कांची लेक पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली. जावयाला रजा मिळत नव्हती म्हणून बारसं लांबलं, बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा एकदाचं ठरलं. मी निघाले होते, म्हटलं रझिया, चल, तुझीही सुट्टी होईल. ती आली. छान जरीची साडी नेसून आली.

पाळणा सजवलेला. बाळी झबलं-टोपडं घालून झोपलेली. आणि बायका ओवाळताना काय म्हणत होत्या? "काय कांती हाय बाई! सोन्याची मूर्त जणू." कारण रोज न चुकता साय, डाळीचं पीठ आणि हळद लावून बाळीला अंघोळ. आक्कांच्या हातची अंघोळ म्हणजे गल्लीत नाव होतं. बाळी पिवळी दिसत होती आणि ती हळदीनं पिवळी आहे याबद्दल त्या घरात एकाच्याही मनात शंका नव्हती. माझ्याही नव्हती.

रझिया पाळण्यावर वाकली. मला म्हणाली, "तुझा रुमाल ओला करून आण." तिनं बाळीचं कपाळ पुसलं. मग गाल. मग छाती. रुमाल पिवळा झाला आणि बाळीही पिवळीच राहिली. तेवढ्यात बाळीनं डोळे उघडले.

रझियानं विचारलं, "आक्का, हळद डोळ्यांत घातली होती का?"

"डोळ्यांत कोन हळद घालतंय, पावणं?"

"मग डोळ्यांचं पांढरं पिवळं कशानं झालं?"

आक्का वाकून बाळीचे डोळे बघायला लागल्या. मग ती म्हणाली, "एखादा लंगोट धुवायचा राहिलाय का?"

भर बारशात! बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक तर पदरात तोंड घालून हसली. आक्का तापल्या. "पावणं, बारशाला आलाय न्हवं? मग घुगऱ्या खावा, भजी खावा. लंगोट कशाला बघतायसा?"

रझिया म्हणाली, "भजी खाणार आहे. आधी लंगोट."

आक्का जागच्या हलल्या नाहीत. मोरीतून लंगोट आणला तो बाळीच्या आईनं. तिलाच मनातून काहीतरी वाटत असणार. शी शाडूच्या गोळ्यासारखी. आणि लघवीचा डाग पिवळाजर्द.

"त्यो हळदीचा डाग हाय," आक्का म्हणाल्या.

"हळद अंगाला लावली, आक्का. ती लघवीतून कशी येईल? एवढ्याशा बाळाची लघवी पाण्यासारखी असते. लंगोटाला डाग पडता कामा नये."

आता आक्कांना रडू फुटलं. त्या काय म्हणाल्या ते ऐका, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या मनात तेच असतं. त्या म्हणाल्या, "बाळंतपन माझ्या घरात झालंय. आता सासरची मानसं म्हनतील, आयनं नात पिवळी करून धाडली. माझ्या लेकीला जनमभर ऐकाय लागंल."

बघा. त्या माउलीला बाळीच्या लिव्हरची भीती नव्हती. तिला व्याह्यांची भीती होती. आपल्याकडं आजाराआधी बोल लागतो आणि तो बाईलाच लागतो. मग बाई आजार झाकते. साय लावून झाकते, हळद लावून झाकते.

रझियानं त्यांचा हात धरला. म्हणाली, "आक्का, यात तुमचं काही चुकलेलं नाही. हे पोटातच घडतं. लिव्हरमध्ये पित्त तयार होतं, ते आतड्यात उतरायला बारीक नळी असते. काही बाळांची ती नळी बंद होते. पित्त तुंबतं आणि लिव्हर आतल्या आत खराब होत जातं. तुमच्या अंघोळीनं नाही, लेकीच्या खाण्यापिण्यानं नाही. आणि सासरच्यांनी बोल लावलाच, तर माझं नाव सांगा. म्हणावं, बारशाला एक मुसलमान डॉक्टरीण आली होती, तिची दृष्ट लागली."

आक्का रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "मग बारसं मोडायचं का?"

"मोडू नका. नाव ठेवा आधी. रिपोर्टवर नाव लागतंय."

म्हणून वेदिकाचं बारसं झालं. पाळणा म्हटला, कुर्रर्र झालं, रझियानं खरंच भजी खाल्ली, आणि त्याच संध्याकाळी बाळीचं रक्त तपासायला गेलं. लॅबवाल्यानं नेहमीसारखी एकूण काविळीची तपासणी लावली. रझिया त्याच्यावर ओरडली, "एकूण नको, मला त्याचे दोन भाग वेगळे हवेत." साधी कावीळ असली तर एक भाग वाढतो, लिव्हरमध्ये पित्त तुंबलं असलं तर दुसरा. तो दुसरा वाढलेला निघाला. सोनोग्राफी झाली, पुण्याला गेले, तिथं नक्की झालं, ऑपरेशन झालं. दोन महिन्यांच्या आत झालं, आणि सगळं त्यातच असतं. नंतर नंतर त्या ऑपरेशनचा उपयोग कमी कमी होत जातो.

ऑपरेशननंतर आक्कांचा मला फोन आला. मला वाटलं, काही वाईट घडलं. त्या ओरडत होत्या, "वैनी, हिरवी झाली! हिरवी झाली!" बसमध्ये बसून ओरडत होत्या. शेजारच्या बाईनं विचारलं, काय हिरवं झालं हो, शेत का? म्हणाल्या, "न्हाय, नातीची शी."

वेदिका आता शाळेत जाते. आज ती इथं नाही, तिची परीक्षा आहे. तिचं लिव्हर शंभर टक्के बरं झालंय असं मी सांगणार नाही. ती गोळ्या घेते. तपासणीला जावं लागतं. पुढं कधी नवं लिव्हर बसवायची वेळ येईल, कदाचित येणारही नाही. पण ती आहे. दोरीवरच्या उड्या मारते, उलट उत्तरं देते, वरणभात बघून नाक मुरडते. आहे.

आणि आक्का अजूनही गल्लीतल्या बाळांना हळद लावून अंघोळ घालतात. मात्र हळद लावायच्या आधी बाळाला उजेडात नेऊन डोळे बघतात. लंगोट बघतात. गल्लीतल्या सुना म्हणतात, आक्का म्हणजे छोट्या लंगोटवाल्या बाई. राग येतो का आक्का? नाही ना? बघा, हसताहेत.

आता तुमच्याकडं येते, हौसाबाई.

तुम्ही रझियाला ओळखत होता. तुमचा मुलगा लहान असताना न्यूमोनियातून तिनंच वाचवला, हे तुम्हीच मला सांगितलंत. म्हणून सून म्हणाली, बाळाचे डोळे बरे दिसत नाहीत, तेव्हा तुम्हीच म्हणालात, जा, बाईंना दाखवून ये. तुम्ही पाठवलंत. हे विसरू नका.

त्या दिवशी संध्याकाळी रझियाचा मला फोन आला. रोजच यायचा. म्हणाली, "आज एक शाडू सापडला गं. शिरोळचा. गुटगुटीत आहे, हसतोय, आणि आतून घड्याळ चाललंय." मी म्हटलं, आता? म्हणाली, "आता रक्ताचा रिपोर्ट आला की पळवते त्यांना पुण्याला."

रिपोर्ट यायच्या आधी तिचं हृदय थांबलं.

दफनानंतर मी रझियाच्या घरी तिच्या नवऱ्याजवळ, युसूफभाईंजवळ बसले होते. तिचा फोन टेबलावर वाजला. कुणी उचलेना. युसूफभाईंनी तो माझ्या हातात दिला. लॅबमधून होता. तिथली बाई भराभरा सांगत होती, "मॅडम, शिरोळच्या बाळाचा रिपोर्ट तयार आहे, तुम्ही म्हणाला होता तसे दोन्ही वेगळे केलेत, दुसरा बराच वाढलाय." तिला माहीतच नव्हतं. मला तिला सांगावं लागलं, की मॅडम गेल्या. आणि मग मला विचारावं लागलं, की दुसरा किती वाढलाय.

रझियाच्या हाताखाली शिकलेली डॉक्टर स्नेहल इथं आहे. तिनं रिपोर्ट पाहिला, बाळ तपासलं, सोनोग्राफी करून घेतली. पुण्याला बोलून ठेवलं. त्यांनी सांगितलं, लगेच आणा.

तुमचा मुलगा तयार आहे. त्यानं कंपनीतून रजा काढलीय, गाडी त्यानंच आणलीय. तुमची सून गाडीत जाऊन बसलीय. आणि तिनं मला काय सांगितलं, ते मी तुम्हाला सांगते, कारण ते ती तुम्हाला तोंडावर सांगणार नाही. ती म्हणाली, "मावशी, हे म्हणतात, आईला राहू दे, आपण जाऊ. पण आत्तींना सोडून मी जाणार नाही. ऑपरेशनच्या दाराबाहेर मला त्या पाहिजेत. मला एकटीला तिथं उभं राहवणार नाही."

हौसाबाई, तुम्ही काल मला तीन गोष्टी सांगितल्यात. तिन्ही इथं सांगते.

तुम्ही म्हणालात, बाळ कसं टुकटुकीत हाय, दूध पितंय, अंगानं भरलंय, आजारी लेकरू असं असतंय व्हय? असतं, हौसाबाई. या आजारात सुरुवातीला असंच असतं. तो बाळाला हसतं ठेवतो आणि आपल्याला फसवतो. वेदिकाही अशीच होती. चार महिन्यांचं ते बाळही कधीतरी असंच असणार.

तुम्ही म्हणालात, सव्वा महिना झाल्याबगर लेकरू वेशीभायेर न्यायचं न्हाय. ही रीत कुणी केली? बाळाला जपणाऱ्या बायांनी केली. थंडीवाऱ्यापासून, गर्दीपासून, परक्या हातांपासून बाळ जपायचं म्हणून केली. त्या बायांना ही नळी माहीत नव्हती. माहीत असती, तर त्यांनीच बाळाला पदराखाली घेऊन पुण्याची वाट धरली असती. रीत बाळासाठी आहे. बाळ रितीसाठी नाही. आणि रझियाला हे कुणी म्हणालं की ती काय करायची ते सांगू? ती म्हणायची, "ठीक आहे, बाळाला नेऊ नका. बाळाचं लिव्हर घरी थांबतं का विचारा. थांबत असेल तर आपणही थांबू."

तिसरी गोष्ट तुम्ही हळू आवाजात सांगितलीत. म्हणालात, "ज्या बाईनं माझ्या नातवाला हात लावला, ती आठवडा उलटायच्या आत गेली. ह्ये शुभ हाय व्हय? मला भ्या वाटतंय."

हे ऐकलं आणि मी तशीच घरी आले. रात्रभर ते मनात घोळत होतं. आज बोलते.

रझियाचं हृदय थांबलं, कारण ते दुखतंय हे तिला कितीतरी दिवस माहीत होतं आणि तिनं तपासून घेतलं नाही. मी सांगून थकले. युसूफभाई सांगून थकले. ती म्हणायची, उद्या जाते. जगाला पळा म्हणणारी बाई स्वतः उद्या म्हणत बसली. मला तिचा राग येतो. आत्तासुद्धा, या फोटोसमोर उभी राहून, मला तिचा राग येतो. पण तिच्या मरणाचा तुमच्या नातवाशी काहीही संबंध नाही. त्या एवढ्याशा जिवावर तिचं मरण लादू नका. तिला ते चाललं नसतं. तिनं तुमच्याशी भांडण केलं असतं, आणि तिच्याशी भांडणात आजवर कुणी जिंकलेलं नाही.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ऑपरेशन होईल आणि सगळं ठीकच होईल असं वचन मला देता येत नाही. स्नेहललाही देता येत नाही. पुण्याचे डॉक्टरही देणार नाहीत. पण घरी थांबलो तर काय होईल, याची मात्र खात्री देता येते. ती खात्री मला नकोय. तुम्हालाही नकोय.

काल कुणीतरी मला म्हणालं, जाऊ दे हो, नशिबात असेल ते होईल. मला हा शब्द नको झालाय. ज्या बाळाच्या लंगोटाकडं कुणी बघितलंच नाही, त्याचं नशीब कुणी बघितलं? आधी लंगोट बघा. रक्त तपासा. मग नशिबाचं बघू. दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं असेल, तर ऊन नको, माळ नको, उद्या नको. पुष्कळ बाळं पिवळी होतात आणि आपोआप बरी होतात, हे खरं आहे. डॉक्टर मंडळी, हे तुम्ही आम्हाला सांगता आणि बरोबर सांगता. पण पुढचं वाक्यही सांगत जा. जे बाळ बरं होत नाही, ते शोधायचं असतं. बाळ कपड्यात गुंडाळून समोर आलं, तर कपडे काढा. हळद पुसा.

आणि तुम्ही बायांनो, घरात तान्हं बाळ असेल तर आज घरी जाऊन बघा. सासूला विचारत बसू नका, बघा. सासू असाल तर सुनेला सांगायच्या आधी स्वतः बघा. लाजू नका. रझिया कधी लाजली नाही.

तिचा पुतळा उभा करूया असं कुणी म्हणत होतं. नको. तिच्या दवाखान्यातला तो फळा मात्र उतरवू नका. युसूफभाई, जागा विकली तरी फळा द्या. आम्ही तो भाजी मंडईत लावू. जिथं जास्त बायका येतात, तिथं लावू. लोकांना चहा जाणार नाही. नाही गेला तर नाही गेला.

मला अजून पुष्कळ सांगायचंय. व्हरांड्यातल्या त्या तासाचं सांगायचंय, तिनं माझ्या लग्नात केलेल्या गोंधळाचं सांगायचंय. पण ते नंतर कधीतरी. गाडी तापतेय बाहेर.

आता आपण रझियासाठी उभे राहणार आहोत. ज्याला जी प्रार्थना येते, ती त्यानं मनात म्हणावी. फातिहा येत असेल तर फातिहा, रामरक्षा येत असेल तर रामरक्षा, काहीच येत नसेल तर नुसतं तिचं नाव. कुणाचं लेकरू रडलं तर बाहेर नेऊ नका. रडू दे. रडणारी लेकरं तिला आवडायची. न रडणाऱ्यांचीच तिला भीती वाटायची.

आणि हौसाबाई, तुम्ही आमच्याबरोबर उभ्या राहिला नाहीत तरी रझियाचा अपमान होणार नाही. मधली वाट मोकळी आहे. मागच्या मंडळींनो, जरा सरका, त्यांना जागा द्या. दार उघडा कुणीतरी. सून वाट बघतेय.

चला. सगळे उभे राहा. हौसाबाई, तुम्ही चालू लागा.